डुकरांचा न्यूमोनिया: रोगाचे नाव एक, जीवाणूंचे वाण अनेक

पावसाळा सुरू झाला की खानापूर तालुक्यात आणि बेळगावच्या पश्चिमेकडील गावांत वराहपालनाच्या शेडना चारही बाजूंनी ताडपत्री बांधली जाते. पाऊस आत येत नाही हे खरे, पण वाराही येत नाही. जमीन दिवसेंदिवस ओली राहते आणि मूत्रातून सुटणारा अमोनिया दारातच नाकाला झोंबतो. अशा शेडमध्ये सकाळी खाद्य टाकण्यासाठी जनावरे उठवली की तीन-चार महिन्यांची डुकरे एकामागून एक कोरडे खोकू लागतात. खाणे फारसे कमी होत नाही, ताप नसतो, मरतूकही होत नाही. फक्त खाल्लेले अंगी लागत नाही आणि विक्रीचे वजन गाठायला जास्त आठवडे जातात. शेजारच्या गावात मात्र संध्याकाळपर्यंत धडधाकट असलेले जनावर सकाळी नाकातोंडाशी रक्ताळलेला फेस येऊन मेलेले आढळते. दोन्ही ठिकाणी निदान एकच सांगितले जाते, "न्यूमोनिया झाला". पुष्कळदा औषधही एकच दिले जाते, आणि एकाकडे गुण येतो पण दुसऱ्याकडे येत नाही, तेव्हा दोष औषधाला, हवामानाला किंवा नशिबाला दिला जातो.

खरे कारण बहुतेक वेळा जीवाणूत असते. डुकरांच्या फुफ्फुसाला सूज आणणारे जीवाणू अनेक जातींचे आहेत, आणि एकाच जातीतही जनुकीयदृष्ट्या इतके वेगवेगळे वाण आहेत की त्यांतला एखादा जनावराच्या घशात वर्षभर गुपचूप राहतो, तर दुसरा एका रात्रीत जीव घेतो. म्हणून जीवाणूचे नाव कळले की उत्तर मिळाले असे होत नाही. ते अर्धेच उत्तर असते, आणि लस कोणती घ्यायची, औषध कोणते चालेल, रोग आला कुठून या पालकाच्या तिन्ही प्रश्नांचा निकाल उरलेल्या अर्ध्या उत्तरावर लागतो.

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात हा विषय नुसता पुस्तकी राहत नाही. डुकराच्या मांसाला बारमाही मागणी असलेला गोवा चोर्ला घाटाच्या पलीकडेच आहे, आणि महाराष्ट्राची हद्द तर कित्येक गावांच्या शेतातून जाते. यॉर्कशायर, लँडरेस या डुकरांच्या जातींची आणि त्यांच्या संकराची पिल्ले लांबलांबच्या फार्मवरून आणली जातात, वाढवली जातात आणि पुन्हा हद्दीपलीकडे विकली जातात. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशात सुमारे ९०.६ लाख डुकरे मोजली गेली आणि त्यांपैकी सर्वाधिक आसामात होती. आपल्याकडे संख्या लहान आहे, पण व्यवसाय लहान असला की पिल्ले एका ठिकाणाहून न घेता मिळतील तिथून घेतली जातात, आणि जीवाणूंच्या विविधतेचा फटका नेमका तिथेच बसतो.

पुढे जाण्यापूर्वी एक खबरदारी सांगणे भाग आहे. सर्व वयांची जनावरे तीव्र तापाने, कातडीवर लालनिळे डाग येऊन झपाट्याने मरू लागली, तर तो या लेखाचा विषय नव्हे. तिथे पारंपरिक स्वाइन फिव्हर किंवा २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल प्रदेशात भारतात प्रथम आढळलेला आफ्रिकन स्वाइन फिव्हर यांचा संशय घ्यावा लागतो. ते विषाणूजन्य रोग आहेत. अशा वेळी मेलेले जनावर स्वतः न उघडता पशुसंगोपन खात्याला लगेच कळवावे.

जीवाणूजन्य न्यूमोनियाची ओळख सर्वांत स्पष्टपणे फुफ्फुसावरच पटते. निरोगी डुकराचे फुफ्फुस फिकट गुलाबी असते आणि बोटाने दाबून सोडले की पुन्हा फुगते. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनी या जीवाणूची लागण झालेल्या फुफ्फुसात पुढच्या आणि खालच्या पाळ्यांवर जांभळट ते करड्या रंगाचे पट्टे दिसतात. निरोगी आणि रोगट भागांमधली सीमा आखल्यासारखी स्पष्ट असते, रोगट भाग हाताला मांसल व घट्ट लागतो, आणि त्याचा तुकडा कापून पाण्यात टाकला तर तो बुडतो, कारण त्यातील हवेची जागा पेशींनी आणि स्रावाने भरलेली असते. ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनी या दुसऱ्या जीवाणूची खूण निराळी आहे. त्याचे घाव बहुधा मागच्या आणि वरच्या भागात असतात, तिथला भाग गर्द लाल, फुगीर आणि कडक होतो, वर पांढरट पिवळसर पापुद्रा धरतो, आणि जनावर त्यातून वाचून काही आठवड्यांनी कापले गेले तर फुफ्फुस बरगड्यांना चिकटलेले आढळते, ते ओढून सोडवावे लागते. मांस विकणाऱ्या अनुभवी माणसाने हे दोन्ही प्रकार नक्की पाहिलेले असतात. त्याने पाहिलेले पालकापर्यंत पोचत नाही, ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

यांतला मायकोप्लाझ्मा आधी नीट पाहू, कारण जगभरच्या डुकरांच्या कळपांत तो सर्वाधिक पसरलेला आहे आणि वाणांची विविधता त्याच्यात फार बोलकी आहे. १९६५ मध्ये अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे तो वेगळा केला. त्यापूर्वी हा रोग विषाणूचा समजला जात असे. या जीवाणूला पेशीभित्तिकाच नसते. पेनिसिलिन आणि त्याच्या कुळातील औषधे ही भिंत बांधण्याच्या कामात अडथळा आणून जीवाणू मारतात, त्यामुळे जिथे भिंतच नाही तिथे त्यांचा उपयोग होत नाही. मग ते इंजेक्शन कितीही महागाचे असो. या जीवाणूचा संपूर्ण जनुकसंचही फार छोटा, सुमारे नऊ लाख अक्षरांचा, म्हणजे डीएनएच्या तेवढ्या एककांचा आहे. आतड्यातल्या नेहमीच्या ई. कोलाय जीवाणूचा जनुकसंच याच्या सुमारे पाचपट भरतो. इतक्या तुटपुंज्या सामग्रीमुळे मायकोप्लाझ्मा स्वतःला लागणारी बरीच द्रव्ये बनवू शकत नाही आणि डुकराच्या शरीरावर अवलंबून राहतो.

तो फुफ्फुसात खोल शिरत नाही. श्वासनलिकेच्या आतल्या अस्तरावर बारीक केसांसारखे लोमक असतात, ते एका लयीत हलत राहून धूळ, कफ आणि जंतू वर ढकलत असतात. मायकोप्लाझ्मा या लोमकांना चिकटतो, त्यांची हालचाल थांबवतो आणि शेवटी ते गळून पडतात. सफाईची ही सोय बंद पडली की बाकीच्या जीवाणूंना रस्ता मोकळा होतो. तो बंद शेडमधला कोरडा खोकला इथून सुरू होतो, आणि अमोनियाने आधीच दुखावलेल्या अस्तरावर हे सगळे अधिक लवकर घडते.

लोमकांना चिकटण्यासाठी या जीवाणूच्या पृष्ठभागावर काही प्रथिने असतात. त्यांपैकी पी ९७ नावाच्या प्रथिनाचा अभ्यास सर्वाधिक झाला आहे. या प्रथिनात पाच अमिनो आम्लांचा एक छोटा तुकडा एकापुढे एक असा पुनःपुन्हा येतो, आणि तो निदान आठ वेळा यावा लागतो, तेव्हाच प्रथिनाचा तो भाग लोमकाला धरू शकतो असे प्रयोगांत दिसले आहे. वेगवेगळ्या कळपांतल्या जीवाणूंत या तुकड्याच्या आवृत्त्यांची संख्या वेगवेगळी असते. याचे कारण असे, की जीवाणू दुभागताना जनुकसंचाची नक्कल होते आणि एकसारखा मजकूर लागोपाठ आला की नक्कल करणारी यंत्रणा अडखळते, एखादी आवृत्ती जास्त लिहिली जाते किंवा गळून जाते. एका पिढीत हा बदल क्षुल्लक असतो, पण हजारो पिढ्यांनंतर एका फार्मवरचा जीवाणू दुसऱ्या फार्मवरच्या जीवाणूपासून ओळखू येण्याइतका वेगळा होतो.

जात आणि वाण यांतला हा फरक बेळगाव-खानापूरच्या शेतकऱ्याला नवा नाही. भात म्हणजे एकच पीक, पण बासमती, इंद्रायणी आणि सोना मसुरी यांचे पाणी, खत, रोग आणि बाजारभाव वेगवेगळे, आणि बियाण्याच्या पिशवीवर नुसते "भात" लिहिले असते तर कुणी ती विकत घेतली नसती. जीवाणूच्या बाबतीत आपण अजून नुसते "भात" लिहिलेल्या पिशवीवर समाधान मानतो आहोत. जीवाणूंमध्ये वाण निर्माण होण्याचा वेग मात्र शेतातल्या पिकापेक्षा कितीतरी जास्त असतो, आणि त्यांचे मार्गही अनेक आहेत.

पहिला मार्ग वर आलाच आहे: नक्कल करताना होणाऱ्या चुका. कधी एकच अक्षर बदलते, आणि तेवढ्याने पालकाच्या खिशाला चाट बसते. टायलोसिनसारखी मॅक्रोलाइड गटातली औषधे जीवाणूच्या प्रथिने बनवणाऱ्या यंत्राच्या एका ठरावीक जागी जाऊन बसतात. त्या जागेचे एक अक्षर बदलले की औषधाला बसायला जागाच राहत नाही. बहुतेक जीवाणूंकडे या यंत्राच्या जनुकाच्या अनेक प्रती असतात, त्यामुळे एका प्रतीतला बदल चटकन जाणवत नाही. मायकोप्लाझ्मा हायोन्यूमोनीकडे मात्र एकच प्रत आहे, म्हणून एकाच चुकीत तो वाण त्या गटातल्या औषधांना दाद देईनासा होतो. एन्रोफ्लॉक्सासिनसारख्या औषधांबाबतही ठरावीक जनुकांतल्या अशाच बारीक बदलांमुळे प्रतिकार निर्माण झालेला आढळला आहे. शेजाऱ्याकडे चाललेले औषध आपल्याकडे न चालण्याचे एक कारण असे अगदी सूक्ष्म असू शकते.

दुसरा मार्ग देवाणघेवाणीचा आहे. काही जीवाणू आजूबाजूला मरून पडलेल्या जीवाणूंची जनुके सरळ आत ओढून घेतात. काहींमध्ये प्लाझ्मिड नावाची छोटी वर्तुळाकार जनुकसाखळी एकाकडून दुसऱ्याकडे जाते आणि तिच्यासोबत औषधाला दाद न देण्याची क्षमताही जाते. जीवाणूंना लागण करणारे विषाणूही जनुकांची ने-आण करतात. ज्या शेडमध्ये दर खोकल्याला प्रतिजैविक दिले जाते, तिथे ही क्षमता मिळालेला वाण तगतो आणि बाकीचे मरतात. म्हणजे नको असलेला वाण पालक स्वतःच्या खर्चाने निवडून वाढवत असतो. मला ही गोष्ट या विषयातली सर्वांत काळजीची वाटते, कारण यात पालकाचा हेतू चांगलाच असतो.

ॲक्टिनोबॅसिलस प्लुरोन्यूमोनीत विविधतेचे मोजमाप वेगळ्या रीतीने होते. या जीवाणूभोवती शर्करायुक्त पदार्थाचे आवरण असते, आणि ते आवरण घडवणाऱ्या जनुकांप्रमाणे त्याचे १ ते १९ असे सिरोप्रकार मानले जातात. जगाच्या वेगवेगळ्या भागांत वेगवेगळे सिरोप्रकार प्रबळ आहेत: उत्तर अमेरिकेत १, ५ आणि ७ हे दीर्घकाळ महत्त्वाचे राहिले, ब्रिटनमध्ये ८, तर १५ हा प्रथम ऑस्ट्रेलियातून नोंदवला गेला. जुन्या पद्धतीच्या मृत-जीवाणू लशीने तयार होणारे संरक्षण मुख्यतः त्याच सिरोप्रकारापुरते असते. २ क्रमांकाच्या वाणाची लस टोचून ५ क्रमांकाचा रोग थांबेल ही अपेक्षा फोल आहे.

या जीवाणूचा खरा घातकपणा त्याच्या विषांत असतो. एपीएक्स नावाच्या विषांचे चार प्रकार आहेत. पहिला सर्वांत तीव्र असून तो पेशी झपाट्याने फोडतो; दुसरा त्याहून सौम्य आहे; तिसरा डुकराच्या संरक्षक पेशींना मारतो; चौथा प्रत्येक सिरोप्रकारात असतो, पण तो फक्त जनावराच्या शरीरातच तयार होतो. सिरोप्रकार १, ५, ९ आणि ११ हे पहिले व दुसरे अशी दोन्ही विषे बनवतात, आणि रात्रीत मरणारे, नाकाशी रक्ताळलेला फेस असलेले जनावर पुष्कळदा यांच्यापैकीच एखाद्याचे बळी असते. २, ३, ४, ६ आणि ८ यांच्याकडे दुसरे आणि तिसरे विष असते, तर ७ आणि १२ यांच्याकडे पहिल्या तिघांपैकी फक्त दुसरे. विषाच्या या विभागणीचा उपयोग लसनिर्मितीतही झाला. आवरणाऐवजी पहिली तीन विषे आणि एक पृष्ठभागीय प्रथिन घेऊन बनवलेली लस एकाच सिरोप्रकाराला बांधलेली राहत नाही. चौथे विष निदानाला कामी येते: रक्तात त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडे सापडली तर जनावराला खरीच लागण होऊन गेली आहे असे समजते, कारण मृत जीवाणूंच्या लशीत हे विष नसते.

या जीवाणूचा आणखी एक गुण पिल्ले विकत घेणाऱ्याने ध्यानात ठेवावा. रोगातून वाचलेले किंवा कधी आजारीच न दिसलेले डुकर तो आपल्या टॉन्सिलमध्ये महिनोन्महिने बाळगू शकते. बाजारात ते तुकतुकीत आणि खेळकर दिसते, आणि नव्या कळपात गेल्यावर, प्रवासाचा व गर्दीचा ताण आला की, त्या सिरोप्रकाराशी कधी गाठ न पडलेल्या जनावरांत रोग भडकतो. आधीच्या कळपाला त्याच वाणाची सवय झालेली असल्यामुळे तिथे काही घडलेले नसते. विकणारा अशा वेळी खोटे बोलत असतोच असे नाही. त्याच्याकडची जनावरे खरोखरच ठीक असतात.

पाश्चुरेला मल्टोसिडा हे नाव आपल्या भागातल्या गाई-म्हशी पाळणाऱ्याला वेगळ्या रूपात परिचित आहे. पावसाळ्याच्या तोंडावर ज्या घटसर्पाची लस टोचून घ्यावी लागते, तो घटसर्प याच जातीच्या बी प्रकाराच्या वाणांमुळे होतो. आवरणावरून या जातीचे ए, बी, डी, ई आणि एफ असे पाच प्रकार पाडलेले आहेत. डुकरांच्या न्यूमोनियात सर्वाधिक आढळतो तो ए, त्याखालोखाल डी. बी प्रकाराने डुकरांनाही घटसर्पासारखा तीव्र आजार झाल्याच्या नोंदी भारतात आहेत. काही डी आणि काही ए वाणांत एक विष बनवणारे जनुक असते, जे नाकातली नाजूक हाडे झिजवून सोंड वाकडी करते. हे जनुक मुळात जीवाणूचे स्वतःचे नाही; ते जीवाणूंना लागण करणाऱ्या एका विषाणूसोबत त्याच्या जनुकसंचात येऊन बसलेले आहे. म्हशीला टोचलेली घटसर्पाची लस डुकरांच्या खोकल्यावरही चालेल का, असे कुणी विचारले तर उत्तर यातच आहे: जात तीच असली तरी प्रकार दुसरा आहे.

पाश्चुरेला बहुधा एकटा येत नाही. मायकोप्लाझ्माने लोमक मारून ठेवले, किंवा एखाद्या विषाणूने फुफ्फुस दुखावले, की तो मागून शिरतो आणि कोरड्या खोकल्याचे रूपांतर ताप, धाप आणि पू यांत करतो. औषधाने पाश्चुरेला हटला की जनावर सुधारल्यासारखे दिसते, पण मूळचा मायकोप्लाझ्मा जागेवरच असतो, आणि थोड्या दिवसांत खोकला पुन्हा सुरू होतो.

ग्लेसरेला पॅरासुइस हा दूध तोडलेल्या पिल्लांच्या सांध्यांना, हृदयावरणाला आणि छातीच्या पडद्याला सूज आणतो. त्याचे १५ सिरोप्रकार मानले जातात. स्ट्रेप्टोकॉकस सुइसचा उल्लेख मात्र माणसांसाठी करायलाच हवा, कारण त्याचा २ क्रमांकाचा सिरोप्रकार डुकरातून माणसाला होतो आणि मेंदूज्वर, बहिरेपणा किंवा मृत्यूलाही कारण ठरतो. २००५ मध्ये चीनच्या सिचुआन प्रांतात याच सिरोप्रकाराच्या एका विशेष घातक वाणाने २०० हून अधिक माणसे आजारी पडली आणि त्यांतली ३८ दगावली. बहुतेकांनी आजारी किंवा मेलेली डुकरे हाताळली होती. हाताला जखम असताना मेलेले डुकर उघडू नये, आणि उघडायचेच झाले तर ते पशुवैद्यकांनी, हातमोजे घालूनच उघडावे.

हे वाण ओळखतात कसे, ते आता पाहू. ॲक्टिनोबॅसिलस प्रयोगशाळेत वाढवण्याची जुनी युक्ती देखणी आहे. त्याच्या बहुतेक वाणांना एक विशिष्ट पोषकद्रव्य बाहेरून लागते आणि साध्या रक्तयुक्त माध्यमावर ते वाढत नाहीत. म्हणून त्या थाळीवर स्टॅफिलोकॉकस जीवाणूची एक रेघ ओढतात. तो हे द्रव्य सोडतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या रेघेच्या कडेकडेनेच ॲक्टिनोबॅसिलसचे बारीक ठिपके उगवलेले दिसतात. मायकोप्लाझ्माला मात्र कित्येक आठवडे लागतात, माध्यमही खास बनवावे लागते, आणि त्याचा भाऊबंद मायकोप्लाझ्मा हायोऱ्हायनिस भराभर वाढून त्याला झाकून टाकतो. दुसरा एक नातलग, मायकोप्लाझ्मा फ्लॉक्युलेअर, रोग करत नाही पण रक्ततपासणीत गोंधळ घालू शकतो. म्हणून आज पीसीआरवर, म्हणजे जीवाणूच्या जनुकांचा ठरावीक तुकडा शोधणाऱ्या चाचणीवर, भर असतो.

पीसीआर जात सांगतो. वाण सांगायला पुढची पायरी लागते. मायकोप्लाझ्मात वर सांगितलेल्या आवृत्त्या चार-सहा जागी मोजून त्या वाणाचा एक आकडेवार ठसा तयार करता येतो. दुसऱ्या पद्धतीत सर्व वाणांत असणारी, पेशीच्या रोजच्या कारभाराची सातेक जनुके वाचून त्यांतले फरक नोंदवतात. संपूर्ण जनुकसंच वाचणे ही सर्वांत नेमकी पद्धत आहे. कोरोनाच्या काळात डेल्टा आणि ओमायक्रॉन वेगळे ओळखले गेले ते असेच.

अशा तपासण्यांतून युरोप-अमेरिकेत एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. मायकोप्लाझ्माचे वाण एका फार्मच्या आत बहुधा थोडेच असतात, बरेचदा एकच; पण एका फार्मचा वाण दुसऱ्या फार्मच्या वाणाशी सहसा जुळत नाही. जुळला, तर दोघांनी पिल्ले एकाच ठिकाणाहून घेतलेली असण्याची शक्यता मोठी असते. बेल्जियममध्ये कळपांतून मिळालेले निरनिराळे वाण मुद्दाम पिल्लांना देऊन पाहिले, तेव्हा काहींनी सौम्य तर काहींनी गंभीर आजार घडवला. आणि ज्या कळपांत एकापेक्षा अधिक वाण सापडले, तिथल्या कत्तलीच्या डुकरांच्या फुफ्फुसांवर घावही अधिक होते. चार गावांतून चार-चार पिल्ले आणून एका शेडमध्ये सोडणाऱ्याने खरे तर चार वाण एकत्र आणलेले असतात. पिल्लामागे वाचलेले शे-दोनशे रुपये मग औषधात जातात.

हवेतूनही हा जीवाणू प्रवास करतो. अमेरिकेत मिनेसोटामध्ये झालेल्या प्रयोगांत लागण झालेल्या कळपापासून २००९ मध्ये ४.७ किलोमीटर आणि २०१० मध्ये ९.२ किलोमीटर अंतरावर हवेत तो सापडला. तो दुसऱ्या कुठल्या फार्मचा नव्हता हे कशावरून? मूळ कळपाला दिलेल्या वाणाशी त्याची जनुके ताडून पाहिली होती, त्यावरून. निपाणी-चिकोडीकडे दोन शेडमधले अंतर कित्येकदा एखाद्या शेताचे असते. रोग वाऱ्याने आला की गाडीने, याचा वाद तोंडी मिटत नाही, पण वाण जुळवून पाहिला तर मिटू शकतो.

लशीबद्दलही स्पष्ट बोलले पाहिजे. मायकोप्लाझ्माची लस खोकला कमी करते, घाव कमी करते आणि वाढ सुधारते. पण ती जीवाणूला श्वासनलिकेत बसण्यापासून पूर्णपणे रोखत नाही. लस घेऊनही खोकला ऐकू आला म्हणून ती बोगस होती असे नव्हे. तिच्या जोडीला हवा खेळती ठेवणे, गर्दी कमी करणे आणि एका वयाची जनावरे एकत्र आणून, एकत्र विकून, मधल्या काळात शेड धुऊन कोरडी ठेवणे हे करावेच लागते. ताडपत्री वरच्या बाजूने वीतभर मोकळी सोडली तरी अमोनिया बाहेर जायला वाट मिळते.

नवीन मादी कळपात आणताना सबुरी लागते, आणि ती किती लागते हे कळले की पुष्कळांना आश्चर्य वाटते. मायकोप्लाझ्माची लागण झालेले जनावर सहा महिन्यांहून अधिक काळ दुसऱ्याला लागण देऊ शकते. प्रयोगांत ते पूर्ण मोकळे व्हायला सुमारे आठ महिने लागलेले दिसले आहेत. म्हणजे पंधरा दिवस वेगळे बांधून हा रोग अडत नाही. म्हणूनच पहिल्या वेताच्या माद्या लहान वयात आणून, वेगळ्या जागी ठेवून, आपल्या कळपाच्या वाणाशी त्यांची ओळख विण्याच्या बरीच आधी व्हावी अशी योजना मोठे फार्म करतात. आपल्याकडच्या दहा-वीस माद्यांच्या पालकाला हे जसेच्या तसे जमणार नाही. पण वर्षानुवर्षे एकाच विश्वासू ठिकाणाहून जनावरे घेणे त्यालाही जमते, आणि त्याने येणाऱ्या वाणांची संख्या आपोआप आटोक्यात राहते.

तपासणीची वाट सीमाभागात थोडी लांबची असली तरी ती बंद नाही. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत नमुने बेंगळूरूला हेब्बाळ येथील पशुआरोग्य व पशुजैविक संस्थेकडे जाऊ शकतात, आणि बिदरला राज्याचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. जनावरे तीन राज्यांत फिरतात आणि नोंदी मात्र प्रत्येक राज्याच्या दप्तरात वेगळ्या राहतात, यात पालकाचे नुकसान आहे. कोल्हापूरच्या बाजूला सापडलेला वाण चिकोडीच्या डॉक्टरांना कळावा, आणि चिकोडीचा गोव्यात, यासाठी यंत्रणांनी एकमेकांना अहवाल द्यायला हवेत, असे मी मनापासून मानतो.

नमुना नीट गेला तरच त्यातून काही निघते. तो प्रतिजैविक सुरू करण्याआधी घ्यावा लागतो. औषध सुरू झाल्यावर जीवाणू वाढत नाही आणि अहवाल "काही आढळले नाही" असा येतो. नुकतेच आजारी पडलेले जनावर निवडावे, महिनाभर खंगलेले नव्हे, कारण त्याच्यात मूळ जीवाणू मागे पडून नंतर घुसलेलेच हाती लागतात. मायकोप्लाझ्मासाठी नाकातल्या बोळ्यापेक्षा घशाच्या खोल भागातून किंवा श्वासनलिकेतून घेतलेला बोळा अधिक खात्रीचा असतो. मेलेल्या जनावराचा नमुना असेल तर पशुवैद्यकांनी फुफ्फुसाच्या रोगट आणि निरोगी भागांच्या सीमेवरचा तुकडा घ्यावा, निव्वळ सडलेला भाग घेऊ नये. जीवाणू वाढवून पाहायचा असलेला नमुना गोठवायचा नाही. बर्फाच्या पिशव्यांमध्ये थंड ठेवून तो लवकरात लवकर पोचवायचा. सोबतच्या चिठ्ठीत जनावराचे वय, पिल्ले कुठून आणली, आधी कोणती औषधे आणि लशी दिल्या हे लिहावे, आणि जीवाणूच्या नावासोबत त्याचा सिरोप्रकार किंवा वाण, कोणती औषधे त्याच्यावर चालतात याची चाचणी, आणि वेगळा केलेला जीवाणू पुढच्या तुलनेसाठी जपून ठेवणे, या तीन गोष्टींची मागणी डॉक्टरांमार्फत त्याच चिठ्ठीत करावी.